कॅप्टन कुरियनना मराठी येत नव्हतं

कॅप्टन कुरियनना मराठी येत नव्हतं
म्हणून पलटणीतली सगळी मराठी पत्रं माझ्याकडं यायची.
कंदील, काळ्या शाईची बाटली, एक ब्रश,
आणि तंबूच्या खांबाला टाचलेली यादी :
गावाचं नाव, नदीचं नाव, पूल,
किती माणसं, किती तोफा,
हवा कशी आहे, हेसुद्धा जाऊ द्यायचं नाही.

मी वाचायचो. खाली सही साहेबांची.
खोडण्याजोगं फारसं नसायचंच.
'पत्रास कारण की'पासून 'कळावे'पर्यंत
माणूस स्वतःच निम्मं गिळून टाकायचा.
मनीआर्डर पोचली का. पाडी विकू नका.
धाकटीला गोवर आला तर उशाला लिंबाचा पाला ठेवा.
एकानं पानभर नुसती नावं लिहिली होती,
घरातली, भावकीतली, शेवटी बैलांची,
सगळ्यांना रामराम.
बैलांची नावं मी दोनदा तपासली.
न जाणो.

नोव्हेंबरात लिंबराजचं पत्र हाताला लागलं.
कळंब तालुक्यातला. मी मांजरेच्या अलीकडचा, तो पलीकडचा.
रोज एका रांगेत जेवायचो आम्ही,
त्याची पत्रं मी वाचतो हे त्याला ठाऊक नव्हतं.
की होतं?

"प्रयागे, इकडं लई पाणी हाय.
पाय ठिवावा तिथं पाणी. रानात पाणी, बुटात पाणी.
भादव्यात आपली मांजरा फुगती ना,
तसल्या मांजरा एकामागं एक.
आज तिसरी वलांडली."

पाणी खोडलं. रान खोडलं.
बूट राहू दिले, बूट यादीत नव्हते.
तिसरी ओलांडली, ते तर खोडायलाच हवं होतं.
मग मांजरेवर येऊन ब्रश थांबला.
कुठल्या शत्रूला सापडणार होती ती
एवढ्या लांबून, बाभळींच्या आड?
पण यादीत लिहिलं होतं, नदीचं नाव.
कुठल्या नदीचं, ते लिहिलं नव्हतं.

जिच्या डोहात बापानं मला ढकलून पोहायला शिकवलं,
जिच्या वाळूवर त्याचीच राख सावडली,
तिच्यावरून दोनदा ब्रश फिरवला.
साहेबांनी विचारलं, एवढं काळं काय?
म्हटलं, पाणी, सर.

चौथ्या नदीत लिंबराज उतरला.
पलीकडं आम्ही मोजणी केली तेव्हा
एक आकडा कमी आला.

पुढच्या साली मी सुटून गावी आलो
तर मांजरेच्या पात्रात माणसं झिरे उकरत होती.
खडी फोडायच्या कामावर मला मस्टर लिहायला बसवलं,
अक्षर चांगलं म्हणून.
दुसऱ्या हप्त्याला एक बाई पुढ्यात उभी राहिली,
हातोडा खाली ठेवला, चंची सोडली,
घड्यांवर फाटलेलं निळं पत्र काढलं.

"मिलट्रीत व्हता म्हनं तुमी."

मी हात पुढं केला.

"वाचलेलं हाय. मास्तरनी तीनदा वाचून दावलं.
मला काळ्याखालचं पायजे."

पत्र उन्हाकडं धरलं. उगीच.
मला ते पाठ होतं.

"समदं ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली.
"हितं, बुटात, म्हनतेत, आन मग काळं.
बुटात काय व्हतं तेवढं सांगा.
वरीस झालं, झोपंत सुदिक त्योच बूट.
रगत व्हतं का?"

"नाही बाई. पाणी."

"पानी?"

"नुसतं पाणी."

ती मटकन खडीच्या ढिगावर बसली,
पदर तोंडाला लावला, आणि हसायला लागली,
डोळ्यांत आलेलं पुसत,
"पानी म्हनं. पानी बी कुनी खोडतंय का, बया."

कुणी खोडलं, ते तिनं विचारलं नाही.
मी मस्टरवर मान घातली.

मांजरेचं तेवढं सांगायचं राहिलं.
ती समोरच होती,
काठापासून काठापर्यंत,
आणि तिच्यात माणसं होती, बादल्या होत्या.